असंच

रविवारी साडेसहाला
मी जिन्याखालून सायकल काढते.
पुतण्याची जुनी. गिअर सहा, चालतात दोन,
तेही आपल्या मर्जीने.
अमळनेर अजून गोधडीत आहे.
बंद गिरणीच्या भिंतीशी एक कुत्रं अंग ताणतं,
मी ब्रेक दाबून बघते,
आणि निघते.

बोरीचा पूल, रेल्वे फाटक, पाटचारी, निमखेडं,
मग गाडरस्त्याने वळसा घालून घरी.
गेल्या वाटेने परत यायचं नाही
एवढा एकच नियम,
तोही मीच केलेला.

फाटक पडलेलं असतं. पडलेलंच असतं.
सुरतेकडची मालगाडी इतकी सावकाश
की डबे मोजता मोजता
माणसं एकमेकांना मोजू लागतात.
दूधवाला, लग्नाची जीप, कापसाची ट्रॉली,
आणि मी, एका पायाने जमीन धरून.

"कथा चालनी ताई?"
कापसाच्या ढिगातून नुसतं डोकं.
सुपडू आबा.
"कुठे नाही. असंच."
"असंच?"
डाळीत खडा लागावा तसा
त्यांनी तो शब्द जिभेने बाजूला काढला.
"सायकलवर? असंच?"
पंचेचाळीस डबे. शेचाळीस.
मग त्यांनीच मला कारण दिलं.
"निमखेडाले मनी बहीण शे, केसरबाई.
ती फोनच उचलस नही.
तिले सांगी द्या, म्हैस व्यायनी. पारडी झायी."

फाटक उघडलं.

पाठीशी वारा असला की
आपण चांगले आहोत असं वाटतं.
दादरीची कणसं मानेइतकी उंच,
हरभऱ्यावर आंबट दव,
एका वाफ्यात पाणी सुटलेलं आणि त्यात
चार बगळे, कुणी बोलावल्यासारखे.
पऱ्हाट्या उपटलेल्या शेतात
काळी माती भेगाळून पडली होती.
उत्तरेला सातपुडा:
होता म्हटलं तर होता.

पाटचारीच्या चढावर साखळी उतरली.
बांधावरून एक पोरगा आला, काही न विचारता
बाभळीच्या काटकीने ती चढवली,
हात गवताला पुसले, मग म्हणाला, "कथा?"
"निमखेड्याला. निरोप आहे. म्हशीचा."
केवढ्या दिमाखात सांगितलं मी!
"हां, मंग ठीक शे," तो म्हणाला
आणि भरताची चार वांगी
हिरवी, लांबोडकी, दहिवराने ओली
हँडलला बांधून दिली.
पैसे काढले तर हसला.
नाव विचारायचं राहून गेलं.

निमखेड्यात केसरबाईचं घर
एका शेंबड्या पोराने दाखवलं.
चूल धगधगत होती, परातीत कळण्याचं पीठ.
मी उभ्या उभ्याच सांगितलं.
"पारडी?" बाई उठल्या, पिठाच्या हातांनी
गुळाचा खडा माझ्या तळहातावर ठेवला.
शेळीच्या दुधाचा चहा टाकला.
"बरं झायं ओ माय. बरं झायं."
अर्धा कप झाल्यावर म्हणाल्या,
"पन कोनी म्हैस?"
"सुपडू आबांची. तुमचे भाऊ."
"मले भाऊ नही."

चुलीत ओलं लाकूड सुस्कारलं.

दुसरी केसरबाई मारुतीच्या मागे राहते.
लेकीच्या बाळंतपणाला नवसारीला गेली आहे,
संक्रांतीशिवाय येत नाही.
आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो,
मग त्या इतक्या हसल्या
की पदर तोंडात धरावा लागला.
"तरी बी बरं झायं. पारडी शे ना?"
आणि दुसरा खडा दिला.

परतीला वारा समोरून.
तेवढाच वारा, पण आता तो मला ओळखत नव्हता.
वांगी गुडघ्यावर आपटत होती,
ऊन मानेवर, तोंडात गूळ.
गाडरस्त्याच्या फुफाट्यात उतरून
बरीच वाट सायकल हाताने नेली.
कुणी भेटलं नाही.
कुणी विचारलं असतं तर आता
काय सांगायचं होतं, माहीत नव्हतं.
सुपडू आबांना निरोप पोचला नाही हे कळवायला
पुढच्या रविवारी याच फाटकावर यावं लागणार,
म्हणजे पुढचा रविवार असंच राहिला नाही
या गोष्टीचं जरा वाईट वाटत होतं.
जरासंच.

घरी गॅसवर वांगं धरलं.
साल तडकली, धूर जिन्यात गेला,
तशा समोरच्या सुलभाताई दारात आल्या.
"सकाळी सकाळी कुठे गेला होतात?"
मी म्हणाले, "म्हैस व्यायली. पारडी झाली."
"अगं बाई! बरं झालं,"
त्या म्हणाल्या,
आणि कोणाची ते न विचारता
वास घेत तशाच उभ्या राहिल्या.